अपयशं लिहून मिळतील

आत्याबाईंना जगातल्या बहुतेक माणसांविषयी तुच्छता वाटे आणि तिच्या वाटपात त्यांनी कधी पंक्तिप्रपंच केला नाही. शेजारी, सख्खा भाऊ, बँकेतला कारकून, बातम्या सांगणारी बाई, सगळ्यांना सारखी. ज्यांचं त्यांच्याशी काही नातं नव्हतं, तेही त्यांना आत्याबाईच म्हणत, आणि हा मान त्यांच्या वयाला असेल असं म्हणणाऱ्यांना वाटे. तो त्यांच्या भुवईला असे.

हे शिक्षण त्यांनी नोकरीत घेतलं होतं. एका मोठ्या कारखान्याच्या नकाशा विभागात त्या एकतीस वर्षं ट्रेसर होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीत काढायचं आणि आत्याबाईंनी ते पारदर्शक कागदावर शाईत गिरवायचं. गिरवणाऱ्याने डोकं चालवायचं नाही, हा विभागातला कुठेही न लिहिलेला आणि म्हणूनच काटेकोर पाळला जाणारा नियम होता. नोकरीच्या सातव्या वर्षी त्यांना एका नकाशात एक भोक दिसलं, ज्यात बोल्ट जाणं शक्य नव्हतं. त्यांनी ते साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शाई सांभाळा." बाईंनी शाई सांभाळली. चाळीस नग ओतून झाल्यावर विभागात जो आरडाओरडा झाला, तो त्यांनी डबा खात ऐकला.

त्यानंतर त्यांनी पुन्हा कुणाला काही दाखवलं नाही. रेघा ओढल्या. मापाच्या रेघेच्या टोकाला भरीव काळा बाण, रुंदीच्या बरोबर तिप्पट लांब. असे लाखभर काढले असतील. मग कॉम्प्युटर आले, आणि निरोपसमारंभात विभागाने त्यांना त्यांचाच ड्रॉइंग बोर्ड भेट दिला, कारण तो भंगारात न्यायला कुणी तयार नव्हतं. आता तो भावाच्या, म्हणजे दादांच्या, घरात, आत्याबाई आणि त्यांची भाची मिळून राहतात त्या खोलीत, खिडकीची अर्धी जागा अडवून उभा होता.

भाची अकरा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. या भिंगरीला तिच्या आईने, म्हणजे वहिनींनी, रोबोटिक्सच्या क्लासला घातलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

क्लास चपलांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत चाले. तो चालवणारे सर त्याआधी त्याच खोल्यांत अक्षर सुधारून देत आणि मधल्या काळात व्यक्तिमत्त्व. आता ते भविष्य घडवत होते. नऊ ते तेरा वर्षांची मुलं, चार-चारांचे सहा संघ. प्रत्येक संघाने चाकांचं एक छोटं यंत्र बनवायचं, त्याला कुठे जायचं ते कॉम्प्युटरवर लिहून द्यायचं, आणि स्पर्धेच्या दिवशी त्या यंत्राने अडीच मिनिटांत टेबलावरचे ठोकळे ढकलायचे. मोठ्यांनी यंत्राला हात लावायचा नाही, हा स्पर्धेचा पहिला नियम. सरांनी तो मन लावून पाळला. मुलांसमोर ते यंत्राला बोटही लावत नसत. सोमवार ते शुक्रवार, मुलं शाळेत असताना, लावत. शनिवारी मुलं यायची आणि तयार यंत्राकडे बोट दाखवून "हे आम्ही केलं" असं न अडखळता म्हणायला शिकायची. अभ्यासक्रमाचा मोठा भाग तोच होता.

एके दिवशी सर स्वतः दादांच्या घरी आले. वहिनींनी चहा ठेवला. सरांनी खिशातून स्पर्धेचा गुणतक्ता काढला.

"आत्याबाई, जरा पेच पडलाय. प्रत्येक संघाने एक वही ठेवायची असते. काय केलं, काय बिघडलं, कसं सुधारलं. हे बघा, 'अपयशे व त्यांतून मिळालेले धडे', वीस गुण."

"मग?"

"आमच्या मुलांना अपयशच येत नाही हो."

"एवढी हुशार आहेत?"

"छे! यंत्र मी बनवतो ना."

आत्याबाईंनी कप बशीत ठेवला. इतकं सरळ उत्तर त्यांना माणसाकडून बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. म्हणून तुच्छता कमी झाली असं नाही, पण ती जरा आरामात बसली.

"वहिनी सांगत होत्या, तुमचा हात कुणाचंही अक्षर उचलतो," सर म्हणाले. "पाच संघांच्या वह्या. सहावी तुमच्या घरातलीच आहे, ती तुम्ही लिहालच."

"अगं हो म्हण ना," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "नुसतं बसून माणसांना नावं ठेवण्यापेक्षा बरं."

नावं ठेवण्याचं काम बंद करावं लागणार नाही, हे लक्षात आल्यावर आत्याबाई हो म्हणाल्या.

पाच वह्यांना पाच हस्ताक्षरं केली. एक डाव्या हाताने लिहिलं, एक उभं, एक रेघेवरून घसरणारं, एक स्केचपेनने, आणि एक, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलाच्या संघासाठी, नीटनेटकं पण मुद्दाम जरासं बावळट. दर पानाला शुद्धलेखनाच्या दोन चुका, औषधाच्या मात्रेसारख्या. मग अपयशं. तिसऱ्या दिवशी बिघाड, चौथ्या दिवशी भांडण, पाचव्या दिवशी समेट आणि धडा. सेन्सरवर ऊन पडलं. तार निसटली. "आम्ही निराश झालो पण हार मानली नाही." हे वाक्य सरांच्या आग्रहाखातर प्रत्येक वहीत दोनदा घातलं.

आत्याबाईंना यात मजा वाटू लागली, हे त्यांनी स्वतःपाशीही कबूल केलं नसतं. पण एकतीस वर्षं दुसऱ्याच्या रेघेवर रेघ ओढलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी काय काढायचं ते सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बिघाड शोधत. आपल्या डोक्यात एवढी यंत्रं इतक्या तऱ्हांनी बिघडू शकतात, याचा त्यांना गुपचूप अभिमान वाटे.

डॉक्टरीणबाई वही बघायला घरीच आल्या. पानं उलटता उलटता थबकल्या.

"इथे लिहिलंय की माझ्या मुलाने बॅटरी उलटी बसवली."

"अपयश आहे ते."

"हो, पण तो असं करणार नाही. परीक्षकांना काय वाटेल? जरा वरच्या दर्जाचं नाही का देता येणार?"

"बॅटरी कुणा दुसऱ्याने उलटी बसवली असं लिहू?"

"ते चालेल," बाई विचार करून म्हणाल्या. "पण खोटं नको वाटायला."

बाई गेल्यावर आत्याबाई दाराकडे बघून म्हणाल्या, "दात तेवढे खरे काढते म्हणजे मिळवली."

भिंगरीचा संघ सहावा. सर त्याला वर्गात 'सहावा' म्हणत आणि पालकांत 'उरलेले'. भिंगरी, एकमेकांखेरीज कुणाशी न बोलणारे दोन जुळे भाऊ, आणि एक मुलगा जो बोलायचा थांबतच नसे. पाच यंत्रं बनवता बनवता सरांचा आठवडा संपून जाई. तेव्हा या चौघांवर यंत्र स्वतः बनवायची पाळी आली. साऱ्या क्लासमध्ये स्पर्धेचा पहिला नियम पाळला गेला तो एवढा एक, आणि तोही दुर्लक्षाने.

त्यांचं यंत्र डावीकडे जाई. सरळ जा म्हटलं तरी डावीकडे. भिंगरीची वही ड्रॉइंग बोर्डावर पडलेली असायची. डिंकाचे डाग, खोडलेल्या ओळी, चिकटवलेले कागद. आत्याबाई ती चाळत.

"आज पण डावीकडे. कॉम्प्युटरवर सगळं परत लिहिलं."

"आज फरशीवर, सतरंजीवर आणि टेबलावर चालवून बघितलं. तिन्हीकडे डावीकडे."

"आज पण."

असे अठरा दिवस. हार मानली की नाही, याविषयी एक शब्द नाही.

"अगं, हिचंही तू जरा नीट लिहून दे ना," वहिनी म्हणाल्या. "बाकीच्यांच्या वह्या काय देखण्या झाल्यात!"

"नको," भिंगरी म्हणाली. "खोटं लिहिलं तर त्यांना खरं कारण कसं कळेल?"

"कुणाला गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"परीक्षकांना. ते खरे इंजिनिअर असतात, सर म्हणाले. ते वाचतील आणि सांगतील डावीकडे का जातं ते. मी त्याच्यासाठीच तर जाणार आहे."

"इंजिनिअर," आत्याबाई म्हणाल्या. "वाचणार." आणि हसल्या. भिंगरी हसली नाही. पोरीला बक्षीस नको होतं. तिला फक्त कारण हवं होतं. असल्या माणसाचं जगात पुढे काय होतं ते आत्याबाईंना ठाऊक होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला ते सांगण्याइतक्या त्या दुष्ट नव्हत्या, किंवा त्या दिवशी त्यांना वेळ नव्हता.

वेळ नव्हता, कारण डॉक्टरीणबाईंना वरच्या दर्जाचं अपयश द्यायचं होतं आणि माल संपला होता. आत्याबाईंनी तासभर छत बघितलं. मग नजर बोर्डावर पडलेल्या वहीवर गेली. त्यांनी नीटनेटक्या, जराशा बावळट अक्षरात लिहिलं : "आमचे यंत्र सारखे डावीकडे जात होते. आम्ही दोन दिवस शोध घेतला. उजव्या चाकाचा स्कृ सैल होता. तो घट्ट केला. यंत्र सरळ चालू लागले." खाली चाकाचं चित्र, स्क्रूकडे भरीव काळा बाण. उजवंच चाक का? कारण पानाच्या उजव्या बाजूला बाण काढायला जागा होती. डावीकडे मजकूर आला होता.

इतकंच कारण. गिरवणाऱ्याने डोकं चालवायचं नसतं, ते असं.

स्पर्धा एका मोठ्या क्रीडागृहात होती. सव्वीस संघ, सव्वीस रंगांचे टीशर्ट, आणि मुलांपेक्षा जास्त उत्साहाने ते टीशर्ट घातलेले पालक. मोठ्यांना मुलांपासून दूर ठेवायला दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडून बाप लोक बोटांनी, भुवयांनी, खाकरून सूचना देत होते. एक गृहस्थ तर नुसते कान हलवून यंत्र चालवत असावेत, असं आत्याबाईंना वाटलं. वह्या एका लांब टेबलावर उघड्या मांडल्या होत्या. वर फलक : 'एकमेकांकडून शिका'. त्या टेबलाजवळ कुणी नव्हतं.

प्रत्येक संघाला तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत 'उरलेल्यां'चं यंत्र निघालं, डावीकडे वळलं आणि टेबलाच्या काठावरून खाली. पंचांनी ते वरच्या वर झेललं. शून्य.

"बिचारे," डॉक्टरीणबाई आत्याबाईंच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या. "पण अनुभव महत्त्वाचा."

दुसऱ्या फेरीला अर्धा तास होता. तेवढ्यात भिंगरी वह्यांच्या टेबलाकडे गेली. सबंध दिवसात एकमेकांकडून शिकायला गेलेली ती एकटीच. दोन मिनिटांत ती दोरीकडे धावत आली. चेहरा असा फुललेला, की आत्याबाईंना आधी कळेचना काय झालं.

"आत्या! सापडलं! त्यांचंपण डावीकडेच जायचं! अगदी आमच्यासारखं! दोन दिवसांत सुटलं त्यांचं! उजव्या चाकाचा स्क्रू सैल होता!"

"अगं—" आत्याबाई म्हणाल्या.

"आम्ही उजवं चाक बघितलंच नव्हतं! अठरा दिवस! काय मूर्ख आहोत आम्ही!"

"बघा," डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "आमच्या मुलांचा कसा उपयोग झाला." सर पलीकडून आत्याबाईंकडे बघत होते, आणि त्या बघण्यात विनंती होती की धमकी, हे सांगता आलं नसतं.

आत्याबाईंना एवढंच म्हणायचं होतं, की ते मी लिहिलंय, माझ्या मनाने. पाच शब्द. पण ते म्हणायचे होते डॉक्टरीणबाईंसमोर, सरांसमोर, कान हलवणाऱ्या गृहस्थांसमोर. ज्या माणसांचं मत त्यांनी जन्मभर कवडीमोल मानलं, त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ आल्यावर ते मत एकदम फार महाग झालं. आत्याबाई मूग गिळून बसल्या. भिंगरी पळाली.

दोरीपलीकडे चौघं यंत्रावर ओणवी झाली. बडबड्या यंत्र धरून होता, जुळे चाक धरून होते, भिंगरी पेचकस जीव खाऊन पिळत होती. मग ती थांबली. चाकाला स्क्रू दोन होते. त्यांनी घट्ट केलेला कुठला? ती चित्र बघायला पुन्हा टेबलाकडे गेली.

ती बराच वेळ त्या पानावर वाकून उभी होती. मग परत आली, पण यावेळी चालत. एवढ्या वर्षांत भिंगरीला चालताना आत्याबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

"आत्या, तो बाण तुझा आहे."

आत्याबाई पदर सावरू लागल्या.

"ती सगळी वही तू लिहिलीस?"

"हो."

"आणि आतलं? तुला त्यांनी सांगितलं ना, काय झालं होतं ते?"

"नाही."

"मग उजव्या चाकाचं तुला कसं कळलं?"

"नाही कळलं. लिहिलं नुसतं."

"म्हणजे त्यांचं डावीकडे जातच नव्हतं."

"त्यांचं सरांनी बनवलंय, भिंगरे. ते कुठे जाणार डावीकडे?"

डॉक्टरीणबाईंना एकाएकी पर्समधलं काहीतरी फार महत्त्वाचं शोधायचं झालं. भिंगरीने आत्याबाईंकडे बघितलं. ती नजर आत्याबाईंच्या चांगल्याच ओळखीची होती. आजवर ती नेहमी आतून बाहेर गेलेली होती, समोरून आलेली ही पहिलीच.

"माझ्या वहीतून घेतलंस," भिंगरी म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. आणि तेवढ्यात दुसऱ्या फेरीचा पुकारा झाला.

स्क्रू पुन्हा सैल करायला वेळ नव्हता. यंत्र तसंच टेबलावर ठेवलं. ते निघालं, आणि उजवीकडे गेलं.

पंचांनी ते दुसऱ्या काठावर झेललं. पुन्हा शून्य. दोरीमागून सहानुभूतीचा एक सुस्कारा आला. पण टेबलापाशी भलतंच काहीतरी चाललं होतं. जुळे भाऊ ओरडत होते, चक्क दुसऱ्यांशी. "उजवीकडे! उजवीकडे गेलं!" बडबड्या गप्प झाला होता.

"घट्ट केलं त्या बाजूला वळलं," भिंगरी हळूहळू म्हणाली. "म्हणजे घट्ट चाक मागे पडतं. म्हणजे..." आणि चौघं एकदम खाली बसली. डावं चाक पहिल्यापासून आवळून बसवलेलं होतं, इतकं, की ते चौकटीला घासत होतं. ज्याने ते पहिल्या दिवशी अंगातलं सगळं बळ लावून बसवलं होतं, तो बडबड्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

तिसऱ्या फेरीत यंत्र सरळ गेलं. एक ठोकळा ढकलला, दुसरा ढकलला आणि बॅटरी संपून तिसऱ्याच्या तोंडाशी थांबलं. दहा गुण. सव्वीसांत तेविसावा नंबर. चौघं अशी नाचली, की पहिल्या नंबरच्या संघाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

बक्षीससमारंभ त्याच दोरीपाशी झाला. वह्यांमधल्या सर्वोत्तम अपयशाचं पारितोषिक डॉक्टरीणबाईंच्या मुलाच्या संघाला मिळालं. मुख्य परीक्षकांनी माईकवरून उतारा वाचून दाखवला, डावीकडे जाणाऱ्या यंत्राचा. "किती प्रामाणिक लेखन!" ते म्हणाले. "स्क्रूसारखा साधा शब्दसुद्धा चुकलाय, पण विचार बघा!" मग त्यांनी मुलाला विचारलं, "कारण उजव्या चाकात आहे, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मुलाने आईकडे बघितलं. आईने ओठ हलवले.

"आम्ही हार मानली नाही," मुलगा म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याबाईंच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या उताऱ्याला आयुष्यात मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्यांचे हात मांडीवरच राहिले. आजूबाजूला त्यांना तुच्छ वाटावीत अशी निदान शंभर माणसं होती, पण त्यांतलं एकही पुरेसं पडेना.

भिंगरीची वही परत मिळाली, तेव्हा तिच्यावर एक हसरा स्टिकर होता आणि खाली छापील अक्षरात ओळ : 'छान प्रयत्न! पुढच्या वेळी अडचणीचं उत्तरही लिहा.' आत कुणी वाचल्याची खूण नव्हती. डिंकाने चिकटलेली दोन पानं तशीच चिकटलेली होती. भिंगरीने स्टिकर नखाने उचकटला आणि सरांच्या पाठीवर, त्यांना न कळता, लावून टाकला.

"पुढच्या वर्षी आठ संघ आहेत हं, आत्याबाई," पाठीवर हसरा चेहरा घेऊन सर म्हणाले. "आतापासून साठा करा अपयशांचा."

"बघू," आत्याबाई म्हणाल्या. नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. तोंडातून 'बघू' आलं.

घरी आल्यावर भिंगरी ड्रॉइंग बोर्डाकडे गेली नाही. जमिनीवर बसली आणि वहीभोवती डावा हात आडवा धरून लिहू लागली. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. आत्याबाई पलंगावर बसून तिच्या मानेकडे बघत होत्या.

"चाकाचं लिहितेस?"

"हं."

"शेवटी त्या खोट्या पानामुळेच सापडलं म्हणायचं," आत्याबाईंनी जरा हसून बघितलं.

"नाही. उजवीकडे गेलं म्हणून सापडलं."

हे बरोबर होतं. आत्याबाईंनी एकतीस वर्षांत इंजिनिअरच्या तोंडून इतकं बरोबर वाक्य ऐकलं नव्हतं. भिंगरीने पान संपवलं, त्यावर फुंकर मारली.

"बघू दे गं मला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला.

भिंगरीने वही मिटली.

"नको," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "तू वापरशील."